गुरुवारची नोंद

शनिवारी सकाळी सव्वानऊला त्याने कॉम्प्युटरचं बटण दाबलं, चहाचा कप डाव्या हाताशी ठेवला, आणि पडद्यावर नेहमीचं निळं पान उघडायच्या ऐवजी काळ्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी वरून खाली धावत सुटल्या आणि एका ओळीवर येऊन थिजल्या. त्या ओळीचा अर्थ त्याने झोपेतही सांगितला असता. कर्नल जागा झाला होता, पण त्याला डिस्क सापडत नव्हती. जिच्यावर सगळा संसार मांडलेला ती डिस्कच सापडत नाही म्हटल्यावर त्याने हात टेकले होते आणि तसं एका ओळीत सांगून तो गप्प बसला होता. पंखा मात्र फिरत होता. चौतीस वर्षं त्याने ही ओळ दुसऱ्यांच्या पडद्यांवर पाहिली होती. लोक खुर्चीत ताठ बसलेले असायचे, एखाद्याच्या कपाळावर घाम, आणि तो त्यांच्या पाठीमागे उभा राहून म्हणायचा, "घाबरू नका, तुमचं काही गेलेलं नाही, फक्त दार उघडत नाहीये." स्वतःच्या मशीनवर ही ओळ त्याने कधी पाहिली नव्हती. आता ती पाहिली आणि जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं झालं. आपण घाबरलो आहोत हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचंच त्याला जास्त नवल वाटलं.

कर्नल हा शब्द घरात आला तेव्हा त्याची बरीच थट्टा झाली होती. लग्न नवं होतं. "आज कर्नल बदलायचाय, यायला उशीर होईल," असं तो फोनवर म्हणाला होता, आणि बायकोला वाटलं, लष्करातलं काहीतरी प्रकरण आहे. तिने आईला सांगितलं. सासूबाईंनी पुढचे कित्येक महिने शेजारणींना ऐकवलं की आमचे जावई बसतात त्या ऑफिसात कर्नलच्या बदल्या त्यांच्या हातात असतात. मग एकदा त्याने बायकोला समजावून सांगितलं, की कर्नल म्हणजे मशीनच्या आतला कारभारी. डिस्क, पडदा, कळा, सगळ्यांची कामं त्याच्या हातून होतात, त्याला वगळून कोणाचं पान हलत नाही. आणि चालत्या घरातला कारभारी बदलायचा तर नवा कितीही हुशार असो, पहिल्या दिवशी त्याला कुठल्या खोलीची किल्ली कुठे टांगली आहे ते माहीत नसतं. म्हणून जुन्याला लगेच घालवायचं नाही. नवा आठवडाभर नीट चालतोय हे दिसेपर्यंत जुना तसाच ठेवायचा. नवा अडला तर मशीन चालू करताना जी यादी येते तिच्यातून जुना निवडायचा आणि काम पुढे रेटायचं. हा नियम त्याने हाताखालच्या किती पोरापोरींना वहीत लिहून घ्यायला लावला होता. आत्ताही त्याने तेच केलं. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, यादी येईपर्यंत कळ दाबून धरली. यादी आली. तिच्यात एकच नाव होतं. त्याने ते दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. जुना कर्नल नव्हता.

आपोआप तो जात नाही. कोणीतरी काढावा लागतो. आणि घरात तो, बायको आणि मुलगी यांच्याखेरीज कोणी आलेलं नव्हतं. बायको डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायची. घरचं मशीन ती पत्र पाहण्यापुरतं उघडायची आणि त्यातही माउस असा धरायची की जणू तो चावेल. राहिली मुलगी. ती मंगळवारी आली होती, शुक्रवारी सकाळच्या बसने परत गेली होती, आणि मध्ये एकदा तिने काहीतरी छापायला मशीन घेतलं होतं. ती पुलांचे आराखडे तपासायची, तिला सगळ्यातलं थोडं थोडं येत होतं, आणि थोडं येणाऱ्या माणसांनीच आयुष्यभर त्याला कामाला लावलं होतं. त्याने फोन लावला.

"मशीनला हात लावला होतास?"

पलीकडे कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाला.

"का? काय झालं, बाबा?"

"चालू होत नाहीये. जुना कर्नल कोणीतरी काढून टाकलाय."

"अच्छा. असेल. माझ्याकडूनच काहीतरी झालं असेल."

"काहीतरी म्हणजे काय? काय दाबलंस?"

"आठवत नाही, बाबा. प्रिंट येत नव्हती म्हणून बघत होते. चुकलं माझं."

तो थांबायला हवा होता, पण थांबला नाही. एवढी शिकलेली तू, पुलाचा एखादा बोल्ट असा काय होतंय बघू म्हणून काढशील का, आणि काढलास तर निदान सांगशील की नाही, की गुपचूप बसमध्ये बसशील. असं बरंच काही तो बोलत गेला, आणि ती "हो, बाबा" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर खोलीत एकदम शांत झालं. चहावर साय धरली होती. काहीतरी टोचत होतं. ही मुलगी चूक अशी कबूल करणाऱ्यातली नव्हती. सात वर्षांची असताना फुटलेल्या कपावरून तिने तासभर वाद घातला होता, की कप मुळातच टेबलाच्या कडेला ठेवला होता, तेव्हा ठेवणाऱ्याचा दोष किती आणि धक्का मारणाऱ्याचा किती ते आधी ठरवा. त्या वादात शेवटी तोच हरला होता. आणि आज पहिल्या वाक्याला ती चुकलं म्हणाली. हे त्याला जाणवलं, पण रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या आवाजासारखं. त्याने खणातून पेनड्राइव्ह काढला.

त्या पेनड्राइव्हवर एक अख्खी, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी व्यवस्था होती. घराचं दार अडकलं की खिडकीतून आत उतरायचं, तसं तिच्यातून आजारी मशीनच्या आत उतरता येतं. तो खोचून त्याने मशीन सुरू केलं आणि जरा वेळाने पडद्यावर एक परकं, करड्या रंगाचं पान आलं. त्याला बरं वाटलं. हे त्याचं काम होतं. डिस्कचे भाग कुठले ते पाहायचं, मोठा भाग आधी जोडायचा, त्याच्या पोटात छोटा, मग त्या जोडलेल्या घरात शिरून आतूनच हुकूम द्यायचे. बोटांना हे डोक्याला विचारावं लागत नव्हतं. बोटं कळांवर पडत होती आणि त्या आवाजाने त्याचा श्वास हळूहळू जागेवर येत होता. एकसष्ट वर्षांचा माणूस, घरात एकटा, शनिवारची सकाळ, खाली कोणीतरी लोखंडी फाटक घासून रंगवायची तयारी करत होतं त्याचा खरखर आवाज. सगळं ठीक होतं. पाचेक मिनिटांत त्याला दोष सापडला. नवा कर्नल जागेवर होता, पण त्याच्यासोबत असते ती छोटी फाइल नव्हती. ती फाइल कर्नलचं बोट धरून त्याला डिस्कपर्यंत नेते; ती नसली की तो उंबऱ्यातच चाचपडत राहतो. म्हणजे दोन गोष्टी झाल्या होत्या. जुना कर्नल काढला होता, आणि नव्याची वाट दाखवणारी फाइल हाताने पुसली होती. दोन्ही दुरुस्त करायला दहा मिनिटंही लागली नसती. पण काय बिघडलं ते कळल्याशिवाय दुरुस्तीला हात घालायचा नाही, हा त्याचा दुसरा नियम. आणि खरं सांगायचं तर मुलीने नेमकं काय केलं ते त्याला बघायचं होतं. तिला ते सविस्तर सांगायचं होतं. मशीनमध्ये प्रत्येक अशा कामाची नोंद राहते. काय काढलं, किती वाजता, कोणी. त्याने नोंदीची फाइल उघडली आणि शेवटाला गेला.

गुरुवार. संध्याकाळी पाच वाजून सव्वीस मिनिटं. जुना कर्नल काढला. काढणारा: त्याचं नाव.

त्याने ते वाचलं आणि पहिल्यांदा त्याला रागच आला. म्हणजे मुलीने त्याच्या नावाने केलं. पण मुलीचं खातं वेगळं होतं, त्यानेच करून दिलेलं, आणि त्या खात्याला असं काही काढायची मुभाच नव्हती. त्याच्या नावाने करायचं तर त्याचा परवलीचा शब्द लागला असता. तो शब्द सतरा अक्षरी होता आणि जगात एकाच ठिकाणी होता. त्याने स्वतःच्या कपाळाला हात लावला. खरंच लावला, जणू तो तिथे आहे का ते बघायला. मग त्याने दुसरी फाइल उघडली, जिच्यात टाइप केलेला प्रत्येक हुकूम वेळेसकट जपून ठेवलेला असतो. इतरांच्या मशीनवर वेळ नसते. त्याच्या मशीनवर होती, कारण त्याने मुद्दाम ती सोय करून ठेवली होती. माणसं खोटं बोलतात असं नाही, पण माणसांना आठवत नाही, असं तो शिकवताना म्हणायचा, आणि सगळे हसायचे.

गुरुवारी पाच वाजून बारा मिनिटांनी त्याने हत्तीला हाक मारली होती.

हत्ती म्हणजे संस्थेचं जुनं मोठं मशीन. भरती-ओहोटीची गणितं करायची ती संस्था. बंदरात कुठलं जहाज किती वाजता आत घ्यायचं, ते हत्तीने काढलेल्या आकड्यांवरून ठरायचं. काचेच्या दाराआडची थंड खोली, उन्हाळ्यातही तिथे स्वेटर घालून बसावं लागायचं, पायाखाली पोकळ फरशी, आणि सतत एक घोंघाट, इतका सतत की दोन दिवसांनी तो ऐकूच येत नसे. त्याची उमेदीची वर्षं त्या खोलीत गेली. हत्तीच्या पोटात कर्नल ठेवायची जागा फार लहान होती, तेव्हा दर वेळी नवा बसवायच्या आधी जुने सगळे काढावे लागायचे. आणि हत्तीचा कर्नल इतका सर्वज्ञ होता की त्याला वाट दाखवणाऱ्या फाइलची गरज नव्हती, ती पुसून जागा करायची. अख्ख्या जगात त्या एकाच मशीनवर त्याचे दोन्ही नियम उलटे होते. अकरा वर्षांपूर्वी हत्ती बंद झाला. बटण त्यानेच दाबलं होतं. घोंघाट खाली खाली येत थांबला, आणि मग इतकी शांतता झाली की कानांत दडे बसल्यासारखे वाटले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, त्या टाळ्या कुठूनतरी लांबून आल्यासारख्या ऐकू आल्या. पुढच्या आठवड्यात माणसं येऊन त्याचे तुकडे करून घेऊन गेली.

त्या हत्तीला गुरुवारी संध्याकाळी त्याने एकतीस वेळा हाक मारली होती. तोच जोडणीचा हुकूम, एकाखाली एक, पाच बारा, पाच बारा, पाच तेरा. दर वेळी मशीनने सांगितलं असणार की या नावाचं कोणी नाही. मध्ये एकदा त्याने नाव चुकीचं लिहिलं होतं, मग बरोबर लिहिलं, मग पुन्हा चुकीचं. पाच वाजून एकवीस मिनिटांनी हाका थांबल्या. मग त्याने हत्तीचीच कामं इथे केली होती, या घरातल्या टेबलाखालच्या लहानशा डब्यावर, एकही पायरी न गाळता: जागा किती उरली ते पाहा, जुना काढा, फाइल पुसा, पुन्हा जागा पाहा. हुकमांत एकही चूक नव्हती. ते पाहूनच त्याला सगळ्यात जास्त धक्का बसला. कोणा वेड्याने बडवलेल्या कळा असत्या तर त्याने म्हटलं असतं, हा मी नव्हे. पण ही त्याची सही होती. दोन शब्दांमध्ये उगाच एक जागा जास्त सोडायची सवय, मोठ्या कामाआधी एकदा तारीख विचारायची सवय. तारीख त्याने विचारलीही होती. मशीनने त्याला गुरुवारची खरी तारीख सांगितली असणार, आणि ती वाचून तो पुढे गेला होता.

तो उठला. दार बंद आहे का ते पाहिलं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याला आणि ओट्याला धरून उभा राहिला. गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी आपण काय करत होतो ते त्याला लख्ख आठवत होतं. आपण इस्त्री करत होतो. निळा शर्ट, दोन पांढरे, बायकोचा कामावरचा कोट. इस्त्रीच्या वाफेचा ओलसर वास, रेडिओवर कोणीतरी बी-बियाणांबद्दल बोलत होतं. तो झपाझप कपाटाकडे गेला. शर्ट इस्त्रीचे होते. त्याच्या जिवात जीव आला, आणि लगेच गेला, कारण निळा शर्ट तिथे नव्हता, तो धुवायच्या टोपलीत होता, दोनदा घालून मळलेला, आणि कोट बायकोने या आठवड्यात दुकानातून इस्त्री करून आणला होता. पावतीची चिठ्ठी अजून खिशाला टाचलेली होती. म्हणजे इस्त्री कुठल्या तरी दुसऱ्या दिवशीची होती. त्याला वाटलं होतं, विसरणं म्हणजे मध्ये एक काळं भोक दिसत असेल, माणूस त्याच्या काठाशी उभा राहून म्हणत असेल, इथलं काही आठवत नाही. इथे तर भोक दिसतच नव्हतं. कोणीतरी त्यावर आधीच नीट ठिगळ लावून ठेवलं होतं, जुन्याच कापडाचं, टाका न टाका जुळवून, आणि तो त्यावरून खुशाल चालत होता. अशी आणखी किती असतील? कालचा दिवस त्याने मनात उघडून पाहिला. बसस्टँड, मुलीची लाल बॅग, परतताना घेतलेली केळी. खरं होतं का ते? केळी स्वयंपाकघरात होती. त्याने ती जाऊन पाहिली.

परत येऊन बसला तेव्हा दिसलं, फाइल पुसल्याच्या ओळींच्या खाली अजून ओळी होत्या. पाच चाळीसला तो ग्रंथालयाच्या मशीनमध्ये शिरला होता. गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाची यादी त्या मशीनवर होती, साठ-सत्तर हजार पुस्तकं, कोणाकडे काय आहे आणि कधी परत येणार. निवृत्तीनंतर तो ते काम घरबसल्या, हौसेने सांभाळत असे. तिथे तो अकरा मिनिटं होता. त्या अकरा मिनिटांत काय केलं ते या फाइलमध्ये नव्हतं, ते तिकडच्या मशीनवर असणार. तिथेही तेच केलं असेल तर? नवा कर्नल, जुने काढा, फाइल पुसा. तिकडचं मशीन महिनोन्महिने बंद होत नाही. म्हणजे मोडलेलं असलं तरी चालत राहील, आणि एखाद्या दिवशी वीज गेली की ग्रंथालयातली ती बिचारी काउंटरवरची बाई काळ्या पडद्यासमोर उभी राहील. पेनड्राइव्हवरच्या व्यवस्थेतून, डिस्कवरची आपली ओळख पटवणारी किल्ली वापरून तो तिकडे शिरला. कर्नल पाहिले. दोन्ही जागेवर होते. फाइली जागेवर. त्याने तिकडची हुकमांची नोंद उघडली: गुरुवारी पाच एक्केचाळीसला त्याने या फाइलींची यादी मागितली होती. मग दहा मिनिटं काहीच नाही. मग तो बाहेर पडला होता. त्या दहा मिनिटांत तो यादीकडे बघत बसला असणार, बोटं कळांवर ठेवून. कशाने थांबला होता? कोणी थांबवलं होतं? त्याने खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. खालची खरखर थांबली होती आणि आता रंगाचा वास वर यायला लागला होता.

दुरुस्ती त्याने केली. फाइल नव्याने बनवून घेतली, एक जुना कर्नल परत आणून बसवला, यादी ताजी केली, पेनड्राइव्ह काढला, मशीन पुन्हा चालू केलं. निळं पान आलं. इतक्या वर्षांत हे पान परत आलेलं पाहून प्रत्येक वेळी त्याला आत कुठेतरी गुदगुली व्हायची. लोक धन्यवाद म्हणायचे आणि तो "अहो, काही नव्हतं" म्हणून खोटं खोटं झटकायचा. आज मशीन ठणठणीत सुरू झालं आणि तो तसाच बसून राहिला. मग फोन घेतला.

"मशीन चालू झालं," तो म्हणाला.

"बरं झालं, बाबा."

"तू केलं नव्हतंस."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"मग चुकलं का म्हणालीस? मी एवढं बोललो तुला."

"बोललात तर बोललात." तिचा आवाज पातळ झाला होता. "मला दुसरं काही सुचलं नाही. तुम्ही विचारलंत आणि मला कळलं की तुम्हाला आठवत नाहीये. मग काय सांगणार होते मी फोनवर?"

"तुला कसं माहीत? तू तर गुरुवारी बाहेर होतीस."

"आईने सांगितलं. मी आठला आले तेव्हा ती जिन्यात बसली होती. घरात नाही, जिन्यात." ती थांबली. "बाबा, आई येईल एवढ्यात. तिच्याशी बोला. मी निघते इथून, संध्याकाळपर्यंत पोहोचते."

"कशाला, कालच तर गेलीस."

"येते," ती म्हणाली.

बायको दीडला आली. शनिवारी दवाखाना अर्धा दिवस. तिने पर्स खुंटीला लावली, हात धुतले, त्याच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता समोरच्या स्टुलावर बसली. मुलीचा तिला फोन येऊन गेला असणार. तिच्या बोटांना डोळ्यांत घालायच्या थेंबांचा वास येत होता, वर्षानुवर्षांचा. त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"गुरुवारी मी काय केलं?"

"काही वाईट केलं नाहीत."

"अगं, मी नोंद पाहिली आहे. नुसतं सांग."

ती सांगू लागली, आणि सांगताना त्याच्याकडे न पाहता आपल्या अंगठीकडे पाहत होती. "पावणेसहाला मी आले. तुम्ही इथेच बसला होतात. बूट घातलेले. स्वेटर घातलेला, एवढ्या उकाड्यात. मी म्हटलं, कुठे निघालात का? तुम्ही वळून पाहिलंत आणि उठून उभे राहिलात. म्हणालात, 'मॅडम, तुम्ही बसा. दहा मिनिटांत देतो चालू करून.'"

खोलीत पंखा फिरत होता.

"मला वाटलं, गंमत करताय. मी हसले. तुम्ही नाही हसलात. खुर्ची पुढे केलीत माझ्यासाठी. 'तुम्हाला ताटकळावं लागलं, माफ करा' म्हणालात." तिने अंगठी फिरवली. "बत्तीस वर्षांत तुम्ही मला कधी अहो-जाहो केलं नाहीत. भांडतानासुद्धा."

"मग तू काय केलंस?"

"बसले. काय करणार? तुम्ही बसा म्हणालात, मी बसले. पाठीमागे. तुम्ही काम करत होतात, मध्ये मध्ये म्हणत होतात, 'हं, एवढंच राहिलंय, मॅडम.' इतक्या नीट बोलत होतात. मला वाटत होतं, हाक मारावी, हलवावं. पण मला भीती वाटली की तुम्ही विचाराल, आपण कोण. ते ऐकायचं नव्हतं मला. मग तुम्ही एकदम थांबलात. हात खाली घेतलेत, मशीन बंद केलंत, तोंड धुवायला गेलात. आणि बाहेर आलात ते 'अगं, चहा टाकतेस का' म्हणत आलात. बूट काढलेले. मी चहा टाकला. आणि मग जिन्यात जाऊन बसले."

त्याला तिच्या चेहऱ्याकडे बघवेना, तरी त्याने पाहिलं. हा चेहरा. या चेहऱ्याकडे आपण पाहिलं आणि अदबीने उठून उभे राहिलो. आयुष्यात त्याने किती बायांना मॅडम म्हटलं असेल, त्यातल्या एकीचाही चेहरा आता आठवत नव्हता, आणि त्या गर्दीत त्याने हिला नेऊन बसवलं होतं.

"पहिलीच वेळ होती?" त्याने विचारलं.

तिने अंगठीवरून हात काढला. "अशी, हो. पण तपासायला येतात ना लोक, त्यातले काही तक्ता पाठ करून आलेले असतात. दिसत नसतं, पण अक्षरं घडाघडा म्हणतात. मला कळतं. डोळे तक्त्यावर फिरत नाहीत त्यांचे. तुम्ही गेले सहा-आठ महिने तसे बोलता. बरोबर उत्तरं देता. पण..." तिने वाक्य सोडलं. "मंगळवारी साडेदहाची वेळ घेतली आहे डॉक्टरांची. मीच सांगणार होते आज. धीर गोळा करत होते."

"बरं केलंस," तो म्हणाला. दुसरं काय म्हणायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं. मग आत एक विचित्र स्वच्छता आली, खोलीतलं सगळं सामान हलवल्यावर फरशी दिसते तशी. अजून आपल्याला दिसतंय, आत्ता, दुपारी दोन वाजता, सगळं दिसतंय. हे किती दिवस ते मंगळवारी कोणीतरी सांगेल, किंवा त्यालाही सांगता येणार नाही. पण आत्ता करायचं काम आत्ता कळत होतं. तो खुर्ची ओढून मशीनसमोर बसला.

"आता काय करताय?" तिने विचारलं. आवाजात धसका होता.

"ग्रंथालयाचं मशीन आहे ना. त्यात मला कधीही शिरता येतं. ते बंद करतो."

त्याने आधी पत्र लिहिलं, ग्रंथालयातल्या तंत्रज्ञ मुलीला. चार वर्षांपूर्वी त्यानेच तिला तयार केलं होतं आणि आता ती त्याच्यापेक्षा सावध होती. यापुढे सगळं तुझ्याकडे, असं लिहिलं. कारण लिहिताना अडखळला. प्रकृती, असं लिहून खोडलं. शेवटी लिहिलं, की गुरुवारी मी काय करतोय हे मला कळत नव्हतं आणि तसं पुन्हा होऊ शकतं, तेव्हा माझं नाव काढतो आहे. काढलं आहे ना ते तू तपास. बायकोने खांद्यावरून ते वाचलं. पत्र गेलं. मग तो तिकडे शिरला, जिथे ओळखीच्या माणसांच्या किल्ल्यांची यादी असते ती फाइल उघडली. तीन ओळी होत्या, मधली त्याची. तिच्यावर जाऊन त्याने एक कळ दाबली. दोन ओळी उरल्या. त्याने फाइल जपून ठेवली, बाहेर पडला, आणि तरी हात कळांवरून काढला नाही.

"झालं?" ती म्हणाली.

"बघायला हवं. काढलंय असं वाटणं वेगळं."

त्याने पुन्हा हाक मारली, आपल्या नावाने, नेहमीसारखी, दोन शब्दांमध्ये एक जागा जास्त सोडून. तिकडच्या मशीनने क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि एक ओळ पाठवली. परवानगी नाही.

"काय म्हणतंय?"

"ओळखत नाही म्हणतंय," तो म्हणाला, आणि अजून एकदा करून पाहिलं.